डावीकडे ओढणारा निळा ट्रक

काच पुसायला शिन-रूनं एक हात स्टिअरिंगवरून काढला, एवढंच निमित्त झालं. समुद्रावरून येणारी बारीक, पिठासारखी भुरभुर काचेवर साचली होती. तिनं फडकं फिरवलं न फिरवलं तोच निळा ट्रक अलगद डावीकडे कलला, रिकामा रस्ता तिरका ओलांडून गेला आणि समोरच्या दुकानाच्या अंगणात असा शिरला, जणू रोजचंच येणंजाणं आहे. तिनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. जुन्या टायरांची एक उतरंड डुलली. सगळ्यात वरचा टायर खाली उतरला, त्यानं अंगणभर एक ऐटबाज फेरी मारली आणि स्टुलावर शेवयांचा वाडगा घेऊन बसलेल्या एका तरुणाच्या पायाशी जाऊन तो आडवा झाला.

तरुणानं टायरकडे पाहिलं. मग ट्रककडे. मग ओठांवर लोंबणारी शेवई शांतपणे आत ओढली.

"मी... मी इथे येत नव्हते," शिन-रू खिडकीतून म्हणाली.

"ते दिसलं."

"गाडी आली."

"तेही दिसलं." त्यानं हातातल्या जेवायच्या काड्यांनी डोक्यावरची पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं – चाकांचं अलाइनमेंट, स्टिअरिंग सरळ करून मिळेल. "तुमच्यापेक्षा गाडीला बरं वाचता येतं."

शिन-रूच्या जिभेवर एक झणझणीत उत्तर आलं, आणि तिनं ते तसंच गिळलं.

"माझं व्रत आहे," ती म्हणाली. "नाहीतर बोलले असते."

"कसलं व्रत?"

"महिनाभर मांसमच्छी नाही, सूर्य उगवायच्या आत देवापुढे दिवा, आणि... कडू शब्द बोलायचा नाही. समुद्रदेवी मात्सू आईच्या जन्मदिवसापर्यंत. या चांद्रमासाच्या तेविसाव्या तिथीपर्यंत."

त्यानं बोटांवर मोजलं. "म्हणजे अजून अठरा दिवस तुम्ही माझ्याशी गोडच बोलणार," तो म्हणाला आणि वाडगा बाजूला ठेवून उठला. "या हो, उतरा. मी क्वान-यी."

उंच होता, जरा वाकून चालायचा, गाड्यांखाली आयुष्य गेलेल्या माणसांसारखा. हात काळे आणि डोळे मात्र हसरे. सहा महिन्यांपूर्वीच काओशुंग शहरातून येऊन त्यानं किनाऱ्याच्या या रस्त्यावर दुकान टाकलं होतं, म्हणूनच शिन-रूला तो ओळखीचा नव्हता. तैवानच्या या मिठागराच्या पट्ट्यात बाकी सगळे एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात.

त्यानं खिडकीतून आत डोकं घातलं. उदबत्तीची राख, पिवळे झेंडे, आरशाला बांधलेला लाल धागा. "देवळाचा ट्रक?"

"हो. उत्सवाला मात्सू आईची पालखी यातून निघते. गावोगाव फिरते. खांदे द्यायला आता गावात माणसंच कुठे उरलीत?"

"आणि चालवणार कोण?"

"मी." तिचा आवाज नकळत ताठ झाला. "देवीनं सहा वेळा कौल दिलाय मला. लागोपाठ सहा."

क्वान-यी हसला नाही, हे तिला आवडलं. त्यानं विचारलं, "सरळ जाताना स्टिअरिंग कुठे धरता?"

तिनं धरून दाखवलं, चांगलं वीतभर उजवीकडे वळवून.

"म्हणजे उजवीकडे वळवलं की सरळ जाते. आणि सोडलं की डावीकडे."

"हो. आईची इच्छा असते ती."

"असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

तो खाली बसला आणि पुढच्या टायरावरून त्यानं तळवा फिरवला. आधी एकीकडून, मग उलट. काहीतरी ओळखीचं भेटल्यासारखी त्याची मान हलली. त्यानं पान्याकडे हात नेला, तशी शिन-रू मध्ये आली.

"हात नका लावू. तिला विचारल्याशिवाय नाही."

दोघांमध्ये हातभर अंतर होतं. त्याच्या केसांवर भुरभुरीचे थेंब मोत्यांसारखे बसले होते. शिन-रूनं घाईनं नजर ट्रककडे वळवली.

"विचारून या," तो म्हणाला. "मी कुठे जातोय?"

घरी जाताना तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं होतं, आणि तिला बाबांचा खांदा आठवत होता. अकरा वर्षं बाबांनी हाच ट्रक उत्सवात चालवला. अकरा वर्षं त्यांचा उजवा खांदा उत्सवानंतर पंधरा दिवस दुखायचा. 'देवीचा भार आहे, दुखणारच,' म्हणून ते मलम चोळून घ्यायचे. गेल्या वर्षी मात्र खांद्यानं ऐन वेळी दगा दिला. भर गर्दीत ट्रक डावीकडे गेला, कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगात घुसला आणि नैवेद्याचं टेबल उलथलं. कोणाला लागलं नाही, पण सगळ्या गावासमोर देवळाचे अध्यक्ष त्साय काका म्हणाले, "वेंग, देवीच्या दिवशी तरी प्यायची नव्हतीस." बाबांनी महिनाभर थेंबाला हात लावला नव्हता. किल्ली देवळाच्या पायरीवर ठेवून जे घरी आले, ते वर्षभर देवळाकडे फिरकले नाहीत. सकाळची उदबत्तीसुद्धा ते मागच्या दाराशी समुद्राकडे तोंड करून लावत.

म्हणून शिन-रूनं कौल लावला होता. तिला ट्रकच्या त्याच खुर्चीत बसून तो सरळ नेऊन दाखवायचा होता. कोणाला, हे तिनं स्वतःशीही कधी उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळात त्साय काकांनी तिचं ऐकून घेतलं आणि दाढीवरून हात फिरवला. वाईट नव्हते ते. देवळाच्या गल्लीच्या टोकाला डाव्या हाताला त्यांचं घर होतं. दरवर्षी पालखीचा ट्रक बरोबर त्यांच्या दाराशी कलायचा, आणि दरवर्षी ते दारात टेबल मांडून, फळं रचून, डोळ्यांत पाणी आणून उभे असायचे.

"मुली," ते म्हणाले, "आई ज्या बाजूला ओढते त्या बाजूला जायचं असतं. तिला पाना लावायचा नसतो."

"मी तिलाच विचारते, काका."

चंद्रकोरीच्या आकाराचे ते दोन लाल लाकडी तुकडे ओंजळीत धरून ती गाभाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली. एक पालथा नि एक उताणा पडला की होकार, दोन्ही पालथे पडले की नकार, आणि दोन्ही उताणे पडले की देवी हसते. मनातल्या मनात तिनं विचारलं, 'आई, तुझा ट्रक दाखवू का त्या... त्या दुकानात?'

तुकडे पडले. दोन्ही उताणे. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

शिन-रूचे कान तापले. आईला काय कळलं असेल, या विचारानं तिनं डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा विचारलं, या वेळी फक्त चाकांबद्दल. एक पालथा, एक उताणा. परत तसाच. परत तसाच.

त्साय काकांनी सुस्कारा सोडला. "तिनं हो म्हटलं, तर मी कोण? पण एक सांगतो. पाना लावल्यावर तो सरळ जायलाच हवा. विसाव्या तिथीला, मूर्ती न ठेवता, सगळा सरंजाम चढवून मिठागराच्या बांधावरून ट्रक नेऊन दाखव. बाजूला कोणी बसायचं नाही. वीतभरही डावीकडे गेला, तर किल्ली माझ्या पुतण्याकडे."

मिठागराचा बांध म्हणजे पाऊण किलोमीटर सरळ रस्ता, ट्रकच्या रुंदीहून दोन-दोन हात जास्त, आणि दोन्ही अंगांना पाणी.

"नेईन," शिन-रू म्हणाली.

क्वान-यीनं ट्रक रॅम्पवर चढवला. चारी चाकांना पंजांसारखे चिमटे लावले, आणि भिंतीवरच्या पडद्यावर आकडे उमटले... सगळे लाल.

"हे काय?"

"ही तुमच्या ट्रकची जन्मपत्रिका. पुढची दोन्ही चाकं कुठे बघतायत, किती अंशानं कललीत. हे चाक बघा, बदकासारखं पाय फाकून चाललंय." त्यानं स्टिअरिंग अगदी मधोमध आणून एका पट्टीनं खुर्चीला जखडलं आणि तो ट्रकखाली गेला. पान्याचा आवाज. एक-एक आकडा पिवळा होत होता, मग हिरवा. "काल देवी काय म्हणाली?" खालून आवाज आला.

"आधी हसली."

"का?"

"...ठाऊक नाही."

"मला आवडली ती," पान्याच्या आवाजातून तो म्हणाला.

"देवीबद्दल असं बोलू नये."

"बरं. मग दुसऱ्या कोणाबद्दल बोलू?"

शिन-रू पडद्याकडे बघत राहिली. शेवटचा आकडा हिरवा झाला तेव्हा तिला उगाचच वाटलं, थोडा वेळ लाल राहिला असता तरी चाललं असतं.

रिकामा ट्रक रस्त्यावर सुतासारखा धावला. तिनं बोटं सैल केली तरी तो हलला नाही. त्या दहा-बारा दिवसांत ती दोनदा दुकानावरून गेली आणि दोन्ही वेळा थांबली. एकदा हवा तपासायला, आणि एकदा, हवा तपासलेली बरोबर आहे ना हे तपासायला. एकदा त्यानं तिच्यापुढे कालवांचं गरमागरम ऑम्लेट धरलं, मग कपाळावर हात मारला, आणि धावत जाऊन समोरच्या गाडीवरून शेंगदाण्याचं गोड सूप घेऊन आला. तो स्वतः ऑम्लेट खाईना. "तुमच्यासमोर नको," म्हणाला. "माझं व्रत नाही, पण लाज आहे थोडी."

अठराव्या तिथीला देवळातल्या माणसांनी ट्रकवर सरंजाम चढवला. रिकामी पालखी मधे. रिवाजाप्रमाणे पितळी घंटा डाव्या हाताला, नगारा उजव्या हाताला. शिन-रूनं ट्रक सुरू केला, गल्ली पार केली, आणि त्साय काकांच्या घराजवळ स्टिअरिंगवरचे हात जरा सैल सोडले.

ट्रक डावीकडे गेला. त्याच जुन्या अलगदपणानं, थेट त्यांच्या दाराकडे. काका दारातच उभे होते. त्यांनी हात जोडले.

ती तशीच, सरंजामासकट, क्वान-यीच्या अंगणात आली. उतरली. त्याच्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तुमचे..." ती म्हणाली, "तुमचे ते हिरवे आकडे... फार सुंदर होते."

क्वान-यीचा चेहरा पडला. "इतकं वाईट झालं?"

"दिसायला फार सुंदर." तिचे डोळे भरून आले होते. "परवा सकाळी बांध आहे. तुम्हाला कल्पना नाही... खुर्ची गेली तर जाऊ दे. पण चाकं सरळ करूनही पुन्हा आमच्याच घरातल्या माणसाच्या हातून गाडी डावीकडे गेली, तर गेल्या वर्षीचं सगळं खरं ठरेल. बाबा प्यायले होते, हे कायमचं खरं ठरेल."

हे तिनं पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं होतं. सांगून झाल्यावर ती टायरांच्या उतरंडीवर बसली.

त्यानं ट्रकभोवती एक फेरी मारली. मग चार पावलं मागे जाऊन उकिडवा बसला आणि मागून ट्रककडे बघत राहिला, एक डोळा मिटून, भिंतीवरची तसबीर वाकडी आहे का बघावं तसा.

"ती घंटा केवढी जड आहे?"

"चार माणसं लागतात."

"आणि नगारा?"

"तो मी एकटी उचलते."

"जागा बदलता येणार नाही?"

"घंटा डावीकडे, नगारा उजवीकडे. देवळातही तसंच, ट्रकवरही तसंच. ते कसं बदलणार?"

"नको बदलायला." तो उठला. गालावर काळा डाग, आणि डोळ्यांत मात्र उजेड पडलेला. "चूक माझी. मी रिकामा ट्रक सरळ केला. पण रिकामा ट्रक तुम्ही कुठे चालवणार आहात? वर्षानुवर्षं घंटा एकाच अंगाला. डावीकडच्या स्प्रिंगच्या कमानीचे पाटे दबून सपाट झालेत. भार चढला की ट्रक त्या अंगावर रेलतो, पुढच्या चाकांचे कोन फिरतात, आणि ओढ लागते. त्यात चालवणाऱ्याची खुर्चीही डावीकडेच. तुमचे बाबा अंगानं कसे आहेत?"

"चांगले भरदार."

"म्हणजे त्यांच्या वेळी आणखीच ओढत असणार." तो थांबला. "उद्या घंटेसकट, पालखीसकट आणा. डावीकडे नवा पाटा घालतो, मग सगळा भार असतानाच कोन लावतो. आणि... तुमचं वजन सांगा."

"कशाला?"

"ट्रकला हवंय."

"ट्रकनं आजवर कधी विचारलं नाही."

"तो भिडस्त आहे. मी विचारतोय."

"सांगणार नाही."

"मग तेवढ्या वजनाची मिठाची पोती ठेवतो. अंदाजानं. किती, चार ठेवू?"

"चार?" व्रताची आठवण येऊन शिन-रूनं ओठ दाबले. "...मी स्वतः येऊन बसेन."

"तेच म्हणत होतो," क्वान-यी म्हणाला, आणि पाने शोधायला इतक्या घाईनं वळला की त्याचं डोकं रॅम्पला आपटलं.

एकोणिसाव्या तिथीला सकाळची दिवाबत्ती आटोपून ती निघाली, तेव्हा बाबा दारात उभे होते. "मीही येतो," एवढंच म्हणाले.

तीन तास शिन-रू त्या खुर्चीत बसून होती. हलायचं नाही, रेलायचं नाही, हात मांडीवर. मागे घंटा, मधे रिकामी पालखी. पायांखालच्या पत्र्यापलीकडे तो. दिसत नव्हता, फक्त आवाज.

"अवघडलात?"

"नाही."

"जरा उजवीकडे सरकलात का? आकडा हलला."

"नाक खाजवलं."

"नाक खाजवायचं असेल तर सांगून खाजवा." पाना दोनदा वाजला. "तुम्हाला एक विचारू? हे सगळं... रोज दिवा, रोज उदबत्ती. कंटाळा नाही येत?"

तिनं विचार केला. "तुम्हाला नाही येत? रोज तीच चाकं."

"नाही," खालून आवाज आला. "चाक सरळ लागलं की दर वेळी बरं वाटतं. कोणी बघत नसलं तरी."

"मग तसंच," ती हळूच म्हणाली.

पत्र्याच्या त्या बाजूला पाना घसरून खणकन वाजला.

"आकडा हलला," तो म्हणाला. "या वेळी तुमच्यामुळे नाही. माझाच हात हलला."

बाबा दाराशी स्टुलावर बसून होते. सकाळपासून त्यांनी चहालाही नको म्हटलं होतं. क्वान-यी खालून बाहेर आला, हात पुसले, आणि काढून ठेवलेला पुढचा जुना टायर त्यांच्यासमोर घरंगळत आणून त्यानं उभा केला.

"काका, यावरून हात फिरवा. असा."

बाबांनी फिरवला. गुळगुळीत.

"आता उलटा."

बाबांचा तळवा अडखळला. रबराच्या कडांना करवतीसारखे बारीक दाते आले होते.

"हे एका दिवसात होत नाही," क्वान-यी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा खट्याळ नव्हता. "ट्रक एका बाजूला ओढत होता आणि कोणीतरी दुसऱ्या बाजूला धरून होतं, तेव्हा असं घासतं. कित्येक वर्षं धरून होतं, काका. प्यायलेल्या माणसाला हे एक दिवसही जमलं नसतं."

बाबा टायरावरून हात फिरवत राहिले. एकीकडून, मग उलट. खुर्चीतल्या शिन-रूला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ हळूहळू सरळ होत गेली.

"माझ्या खांद्याला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. मग घसा खाकरून, "चहा आहे का रे?"

विसाव्या तिथीला ऊन स्वच्छ पडलं होतं. देवळासमोर अख्खं गाव जमलं होतं. त्साय काकांनी स्वतः ट्रकभोवती फिरून बाजूची खुर्ची रिकामी असल्याची खात्री केली, घंटा डावीकडे, नगारा उजवीकडे असल्याचं पाहिलं, आणि मान हलवली.

शिन-रूनं स्टिअरिंगला कपाळ टेकवलं. मग किल्ली फिरवली.

गल्ली आली. डाव्या हाताला काकांचं दार, दारात लाल कापड घातलेलं टेबल, टेबलावर संत्र्यांचा मनोरा. तिनं श्वास रोखला. ट्रक त्या दारावरून सरळ, आपल्याच वाटेनं, पुढे निघून गेला.

आणि समोर बांध. दोन्हीकडे मिठागराचं पाणी आरशासारखं, त्यात आकाश, आकाशात बगळे. मागून स्कूटरी, सायकली, चालणारी माणसं. सुरुवातीलाच रस्त्याच्या कडेला क्वान-यी चक्क पोटावर आडवा पडला होता, डोळे चाकांच्या उंचीवर आणून. ट्रक त्याच्याजवळून गेला तेव्हा तो काहीतरी पुटपुटत होता. आकडे असतील, नाहीतर आणखी काही.

शंभर पावलं. दोनशे. स्टिअरिंग तिच्या हातात शांत होतं, मधोमध, झोपल्या बाळासारखं. अकरा वर्षं बाबांच्या खांद्यानं ओढून धरलेली ती ओढ... नव्हतीच. निम्म्या वाटेवर समोर समुद्र दिसला, उन्हात लखलखणारा. मात्सू आईचं खरं घर ते. रोज त्या बाजूला बघून हात जोडायची सवय होती तिला, आणि विचार करायच्या आत दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठले आणि छातीशी जुळले.

मागे शे-दीडशे माणसं एकदम गप्प झाली.

एक. दोन. तीन. चार. निळा ट्रक घंटा घेऊन, पालखी घेऊन, दोन्ही पाण्यांच्या मधून ओळंब्यासारखा सरळ चालला होता. पाचव्या श्वासाला तिनं हात खाली आणले, आणि मागे ज्या टाळ्या सुरू झाल्या त्या बांध संपेपर्यंत थांबल्या नाहीत.

बांधाच्या पलीकडच्या टोकाला बाबा आपल्या स्कूटरला टेकून उभे होते. तिनं ट्रक थांबवला. ते आले, बॉनेटवर हात ठेवला, आणि तसाच ठेवून राहिले.

त्साय काका धापा टाकत पोचले. गर्दी मागे थबकली. काका आधी ट्रककडे बघत राहिले, मग बाबांकडे.

"वेंग," ते म्हणाले, "गेल्या वर्षी मी जे बोललो... ते सगळ्यांसमोर बोललो होतो. म्हणून हेही सगळ्यांसमोर. चुकलो."

बाबांनी जमिनीकडे पाहिलं. "मलाही कुठे कळलं होतं," ते म्हणाले. "मीही देवीचाच भार समजत होतो."

"तेविसाव्याला पहिली उदबत्ती तू लाव."

बाबांनी मान डोलावली. काकांनी आपल्या पुतण्याचा किल्लीसाठी पुढे आलेला हात हळूच खाली दाबला. मग वळले, दोन पावलं गेले, आणि त्यांची पाठ एकदम म्हातारी दिसली. "इतकी वर्षं मला वाटायचं," ते कोणाकडेच न बघता म्हणाले, "आई माझ्याच दारी येते."

शिन-रू खाली उतरली. "येईल, काका," ती मऊपणे म्हणाली. "मी वळवीन. तुमच्या दारापुढे रोज उदबत्ती जळते, हे तिला काय ठाऊक नाही? आजवर ओढली जात होती. आता येईल."

काकांनी बाहीनं डोळे पुसले आणि "संत्री ताजी आणायला हवीत" असं काहीतरी म्हणत ते घाईघाईनं निघाले.

मग सगळं गाव ट्रकभोवती. कोणी घंटा वाजवली, कोणी नगारा. बायका शिन-रूचे हात हातात घेऊन बघत होत्या, त्या हातांत काही वेगळं आहे की काय. बाबांच्या खांद्यावर कोणीतरी थाप मारली, दुखऱ्याच, आणि ते हसले. वर्षानंतर.

या सगळ्यातून वाट काढत, अंगभर धूळ आणि छातीवर मिठाचा पांढरा पट्टा घेऊन, क्वान-यी आला आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबला.

"हात सोडायचं ठरलं नव्हतं," तो म्हणाला. "माझा जीव गेला होता."

"मी ठरवून सोडले नाहीत."

"एवढा विश्वास होता?"

"तिच्यावर," शिन-रू म्हणाली. मग थोडं थांबून, "...आणि ज्यानं चाकं लावली त्याच्यावरही."

त्यानं खिशातून फडकं काढलं, हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. नगारा वाजत होता, त्यामुळे त्याला जवळ यावं लागलं.

"एक अडचण झालीय," तो म्हणाला. "मी काम जरा जास्तच चांगलं केलं. गाडी सरळ झाली. पाटा नवा, टायर नवे. आता दोन वर्षं तरी तुम्हाला माझ्या दुकानात यायचं काही कारण नाही. रात्रभर मी हाच विचार करत होतो, की एखादा आकडा... एखादाच... थोडा लाल ठेवायला हवा होता."

"मग ठेवला का नाहीत?"

"तुमचे बाबा बघत होते. आणि तुम्ही त्या खुर्चीत बसला होतात." त्याचे हसरे डोळे या वेळी हसत नव्हते. "त्या खुर्चीत तुम्ही असताना मला काहीच वाकडं ठेवता येणार नाही, शिन-रू. कधीच. हे सांगायचं होतं."

मिठागराच्या पाण्यावरून वारा आला. तिच्या केसांची बट तोंडावर आली, आणि तिनं ती बाजूला केली नाही, कारण तेवढ्यापुरता चेहरा लपत होता. बॉनेटपाशी उभे असलेले बाबा समुद्राकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"मी येईन," ती म्हणाली.

"गाडी घेऊन?"

"गाडी देवळाची आहे. मी चालत येईन."

"कोणत्या कामाला?"

"काही काम नसताना," शिन-रू म्हणाली, आणि बट बाजूला करून तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "रोज."

मागून बाबांनी हाक मारली, "अरे ए, अलाइनमेंटवाल्या. त्या बाजूची खुर्ची रिकामी आहे. आता बसलं तर चालतं."

तो बसला. शिन-रूनं किल्ली फिरवली, आणि निळा ट्रक घंटा-नगाऱ्यासकट, मागे अख्खं गाव घेऊन, बांधावरून देवळाकडे निघाला.